तळपाखाडीचा किवी

अंधेरी पूर्वेला, मेट्रोचे खांब आणि काचेची ऑफिसं यांच्या बेचक्यात तळपाखाडी नावाचं गावठाण अजून तग धरून आहे. घरं साठ-सत्तर, आडनावं मोजून पाच, आणि बाप्तिस्म्याला ठेवायची नावं जेमतेम आठ-दहा. संतांची यादी एवढी लांबलचक, पण तळपाखाडीने त्यातले हाताशी आले तेवढे उचलले आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच पुरवून वापरले. परिणामी आज गावठाणात मार्कस परेरा नावाचे चार इसम नांदतात. एकाचं पार्सल दुसऱ्याने घ्यायचं, तिसऱ्याने उघडायचं आणि चौथ्याने त्यावरून भांडायचं, हे इथे आठवड्यातून एकदा तरी होतंच.

म्हणून इथे प्रत्येकाला वरचं एक नाव असतं. ते कुणी मागत नाही आणि कुणाला विचारून दिलं जात नाही. पहिला मार्कस 'घड्याळ', कारण त्याच्या आजोबांच्या मनगटावरचं घड्याळ कायम बंद असायचं. दुसरा 'डबल', कारण तो जुळ्यातला एक. जुळा भाऊ पन्नास वर्षांपूर्वी वसईला मावशीकडे दत्तक गेला, तरी हा डबलच राहिला. तिसरा 'बहारीन'. हे गृहस्थ बहारीनला अकरा महिने होते आणि त्या अकरा महिन्यांविषयी गेली चाळीस वर्षं बोलत आहेत. चौथा आपला मार्कस. त्याला म्हणतात 'किवी'.

ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस न्यूझीलंडला राहून आलेला दिसतोय. तसं वाटावं अशी चोख व्यवस्था मार्कसने स्वतःच केलेली आहे. वस्तुस्थिती एवढीच, की तो आयुष्यात कधी विमानात बसलेला नाही. विमानतळ घरापासून हाकेच्या अंतरावर, दिवसभर विमानं त्याच्या पत्र्यावरून खाली उतरतात, त्याची बायको मेबल त्यांच्या आवाजाला शिव्या घालते, आणि परेरा घराण्याचा हवाई वाहतुकीशी संबंध तिथेच संपतो.

हे नाव त्याला लागलं १९९४ साली. मार्कस तेव्हा सत्तावीस वर्षांचा, पार्ल्याच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीवरचा फिटर. त्याचा चुलतभाऊ ऑकलंडला एका बेकरीत होता, त्याने मार्कससाठी नोकरी बघून ठेवली. अर्ज गेला. आता शहाणा माणूस काय करील? व्हिसा हातात पडेपर्यंत तोंड बंद ठेवील. पण तळपाखाडीत प्रश्न व्हिसाचा नव्हताच, प्रश्न होता लेंटचा. त्या वर्षी राखेचा बुधवार सोळा फेब्रुवारीला येत होता. त्यानंतरचे, ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस म्हणजे लेंट, उपासाचे. बँड नाही, डुकराचं इंद्याल नाही, दारू नाही. व्हिसा यायचा मार्चअखेर आणि जायचं असणार लगेच. मग निरोपाची पार्टी करायची कधी? सुक्या भाजीवर माणसाला परदेशी पाठवलं, असं गावठाणाच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं. तेव्हा थोरामोठ्यांनी ठरवलं, की पार्टी बुधवारच्या आत उरकून घ्यावी, व्हिसा काय, मागाहून येईलच.

रविवारी, तेरा तारखेला, मांडव पडला. मरोळहून बँड आला. फुग्या, म्हणजे मैद्याचे गोल वडे, तळता तळता तीन बायकांचे हात भाजले. मार्कसला सात स्वेटर, दोन मफलर आणि एक सुटकेस भेट मिळाली. बहारीनने, परदेशाचा अनुभव असलेला एकमेव इसम या नात्याने, माईक हातात घेऊन चुलतभावाचं पत्र वाचून दाखवलं. त्यात एक ओळ होती: 'इथल्या सगळ्यांना किवी म्हणतात, मार्कस आला की तोही किवी होणार.' मांडवात हशा पिकला. किवी म्हणजे बुटांच्या पॉलिशची डबी, एवढंच तळपाखाडीला ठाऊक होतं. सगळ्यांनी ग्लास उंचावून 'किवी, किवी' असा गजर केला, आणि मेबल, जिच्याशी त्याचं लग्न ठरलेलं होतं, ती लाजून लाल झाली.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी पत्र आलं. अर्ज नामंजूर.

व्हिसा नाकारण्यासाठी परदेशी सरकारांनी कचेऱ्या उघडलेल्या असतात. लागलेलं नाव नाकारायला कुठल्या कचेरीत जायचं, हे मात्र मार्कसला कुणी सांगू शकलं नाही. ईस्टरच्या सोमवारी तो पाव आणायला गेला, तर बेकरीवाला म्हणाला, "काय किवी, किती?" त्या माणसाच्या मनात काही नव्हतं. तरी मार्कसला त्या क्षणी पाव घेऊन जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

जे नाव टाळता येत नाही ते निदान समजून घ्यावं, म्हणून मार्कस पार्ल्याच्या एका वाचनालयात जाऊन बसू लागला. तिथे त्याला पहिला धक्का बसला. किवी नावाचा एक पक्षी असतो, आणि त्याला उडता येत नाही. न उडणाऱ्या माणसाला गावाने न उडणाऱ्या पक्ष्याचं नाव दिलं होतं, तेही पक्षी माहीत नसताना. इतकं अचूक नाव तळपाखाडीने विचार करून ठेवलं असतं तर एक वेळ मार्कसने माफ केलं असतं.

पण पुस्तकांनी त्याला एक दिलासाही दिला. जगात भल्याभल्यांची हीच गत झालेली होती. न्यूझीलंडच्या लोकांनी तरी ते नाव कुठे मागितलं होतं? त्यांच्या पलटणींच्या बिल्ल्यांवर तो पक्षी असायचा. शिवाय मेलबर्नच्या एका पॉलिशवाल्याची बायको न्यूझीलंडची, म्हणून त्याने तिच्या माहेरचा पक्षी डबीवर छापला. पहिल्या महायुद्धात ती डबी बुटाबुटाला लागली, आणि सबंध देशाला किवी म्हणणं रूढ झालं. मार्कसला हे वाचून बरं वाटलं. पस्तीस-चाळीस लाख माणसं पॉलिशच्या डबीला सामील असतील, तर एकट्याने लाजायचं कशाला?

त्यानंतर त्याला नादच लागला. जो मिळेल त्याला तो देशांच्या टोपणनावांची मुळं सांगायचा. ऐकणारा हळूच पाय काढायचा, हा भाग वेगळा.

लबाडी सुरू व्हायला मात्र टॉवर उभा राहावा लागला. २००३च्या सुमारास गावठाणाला लागून नाल्याच्या काठी बावीस मजले चढले आणि बिल्डरने त्याला नाव दिलं 'न्यू व्हेनिस'. पाणी होतं, तेव्हा अगदीच खोटं म्हणता येणार नाही. कारखाना बंद झाल्यावर मार्कस त्या टॉवरचे पंप आणि लिफ्ट सांभाळू लागला. तिथल्या सोसायटीचे सेक्रेटरी सुशांत परब. आजोबा गिरणीत, वडील बँकेत, आणि हे विमा कंपनीत. माणूस मनाचा चांगला, पण समोरच्याची चौकशी केल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. त्याने एकदा पंपरूममध्ये विचारलं, "मार्कस अंकल, तुम्हाला किवी म्हणतात म्हणजे तुम्ही न्यूझीलंडला होतात ना? कसं काय आहे तिकडे?"

मार्कसने 'नव्हतो' म्हणायला तोंड उघडलं होतं. पण गावठाणाबाहेरच्या माणसाने त्याच्याकडे असं आदराने बघण्याची ती पहिलीच वेळ. तोंडातून निघालं, "थंडी फार."

एवढेच दोन शब्द. तेही खरेच होते, फक्त पुस्तकातले होते. पुढच्या महिन्यात त्यात मेंढ्या आल्या. दिवाळीपर्यंत मार्कस ऑकलंडला दोन वर्षं राहून परतला होता. गावठाणातल्या जुन्या मंडळींच्या कानावर हे गेलं, पण त्यांनी चकार शब्द काढला नाही. सत्य सांगायचं तर घड्याळ, डबल आणि बहारीन यांचीही जंत्री काढावी लागली असती, आणि टॉवरवाल्यांसमोर आपली धुणी धुणं गावठाणाला मंजूर नव्हतं.

गेल्या वर्षी प्रजासत्ताक दिनी परबांनी टॉवरच्या आवारात त्याचं चक्क भाषण ठेवलं. विषय, 'देशोदेशीची टोपणनावं'. परब माईकवर म्हणाले, "न्यूझीलंडमध्ये दोन वर्षं काढून आलेले आपले मार्कस अंकल आता बोलतील." शेवटच्या खुर्चीवर मेबल बसली होती. ती शेजारणीला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "दोन वर्षं! आता मेंढ्यांचं पण सांगेल बघ."

पण भाषण झकास झालं, हे मान्य करायला हवं. मार्कसने सांगितलं, की अमेरिकेचा अंकल सॅम हा म्हणे खरोखरचा मांसाचा व्यापारी होता, सॅम्युअल विल्सन. १८१२च्या लढाईत सैन्याला त्याची पिंपं जायची, पिंपांवर यू.एस. अशी सरकारी अक्षरं असायची, शिपाई थट्टेने म्हणायचे 'सॅम अंकलचा माल', आणि पुढे सबंध सरकारच सॅम अंकल झालं. ब्रिटिश खलाशांना दात पडायच्या रोगावर लिंबाचा रस पाजत, म्हणून अमेरिकन त्यांना 'लायमी' म्हणून चिडवू लागले. "म्हणजे आमच्याकडच्या लिंबू-सरबतवाल्यासारखं," परबांनी भर घातली. इथल्या गोऱ्या सोल्जरांनी आपला 'विलायती' शब्द उचलला आणि त्याचं 'ब्लायटी' करून आपल्याच मायदेशाला लावलं. त्यांच्या घराला नाव आपण दिलं, आणि त्याबद्दल एका पैचं भाडं मिळालं नाही. पेशव्यांच्या कागदांत डच लोकांना 'वलंदेज' आणि यच्चयावत गोऱ्यांना 'टोपीकर' म्हटलेलं सापडतं. साम्राज्य करायला निघालेल्या माणसांना मराठ्यांनी डोक्यावरच्या वस्तूवरून ओळखलं, यावर टॉवरने टाळ्या वाजवल्या.

"आणि आमचंच बघा," मार्कस रंगात येऊन म्हणाला. "आमी पश्चिम किनाऱ्यावरचे. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. आणि नाव काय, तर ईस्ट इंडियन! राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, अठराशे सत्त्याऐंशीला, आमच्या लोकांनी ते घेतलं. नोकऱ्यांसाठी गोव्यावाल्यांपासून वेगळं दिसायला पायजे होतं, म्हणून. कंपनी सरकारचं नाव. आणि कंपनी तर त्याच्या तेरा वर्षं आधी गुंडाळली होती!" मेलेल्या कंपनीचं नाव हौसेने लावून घेतलेल्या समाजाचा हा प्रतिनिधी मग खूप हसला, आणि टॉवरही हसला. नाव कुठून आलं हे इतक्या प्रामाणिकपणे सांगणारा माणूस स्वतःच्या नावाबद्दल खोटं बोलत असेल, अशी शंका कुणाच्या मनाला शिवली नाही.

टॉवरशी बोललेलं खोटं टॉवरपुरतं राहिलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण मार्कसने तेच खोटं घरातही आणून ठेवलं होतं.

त्याची एकुलती एक मुलगी ॲश्ली. ती सात वर्षांची असताना शाळेत निबंध दिला, 'माझे वडील'. वर्गातल्या कुणाचा बाप बोटीवर, कुणाचा दुबईला. ॲश्ली वही घेऊन आली आणि म्हणाली, "पप्पा, तुला किवी का म्हणतात?" मार्कस मोरीतला नळ दुरुस्त करत होता. तिने पेन्सिल वहीवर टेकवून ठेवली होती, पहिला शब्द लिहायला. पार्टी झाली, व्हिसा नाही झाला, हे त्या पेन्सिलीला सांगायचं कसं? तो म्हणाला, "मी तिथे होतो. तू व्हायच्या आधी, दोन वर्षं. मग आजी आजारी पडली, म्हणून सगळं सोडून परत आलो."

निबंध शाळेत सगळ्यांसमोर वाचला गेला. न्यूझीलंडपेक्षा आई मोठी मानणारा बाप शाळेतल्या सिस्टरांना फारच आवडला. ॲश्लीला कंपासपेटी बक्षीस मिळाली, आणि तिने घरी येऊन बापाला अशी मिठी मारली, की त्यानंतर खरं सांगायचं धैर्य मार्कसने कायमचं गमावलं. गावठाणानेही तो खोटेपणा निमूट पोटात घातला. बापाने लेकीला सांगितलेली गोष्ट शेजाऱ्याने मोडायची नाही, एवढी रीत तिथे शिल्लक होती. या रीतीपायी वीस वर्षं साठ-सत्तर घरं एका मुलीशी खोटं बोलत राहिली, आणि प्रत्येकाला आपण फार चांगलं वागतोय असंच वाटत होतं.

ॲश्ली नर्स झाली. कुर्ल्याच्या एका इस्पितळात, छातीच्या रोग्यांच्या वॉर्डात. यंदा तिचं लग्न ठरलं क्रिसशी. क्रिसचे आईबाप मूळ वसईचे, पण तो जन्मापासून ऑकलंडचा. म्हणजे अस्सल, सरकारी शिक्क्याचा किवी. जावयाचं कळलं तेव्हा गावठाणाला हसू आवरेना आणि मार्कसचं जेवण कमी झालं. आता हा मुलगा घरी येणार, तिकडच्या गप्पा मारणार. मार्कसने पुन्हा पुस्तकं काढली, फोनवर ऑकलंडचे नकाशे बघितले आणि गल्ल्यांची नावं पाठ करायला घेतली. अठ्ठावन्नाव्या वर्षी एका शहराचा अभ्यास चालू होता, परीक्षा मात्र जावई घेणार होता.

ती परीक्षा एका रविवारी, चर्चमधून मिस्सा करून आल्यावर, जेवणाच्या टेबलावर झाली. ॲश्ली लॅपटॉप उघडून बसली होती. तिकडच्या नोकरीचा आणि व्हिसाचा अर्ज भरून झाला होता. सोबत जोडायचं स्वतःबद्दलचं पत्र तेवढं वाचून दाखवायचं होतं. फोनवर क्रिस होता. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. स्वयंपाकघरात मेबल रस्सा ढवळत होती.

"अंकल," क्रिस फोनमधून म्हणाला, "मम्मी विचारत होती, तुम्ही ऑकलंडला कुठे राहायचे?"

पाठ केलेल्या सगळ्या गल्ल्या मार्कसच्या डोक्यातून ऐन वेळी निघून गेल्या. "स्टेशनजवळच," तो म्हणाला.

"कुठलं स्टेशन?"

"ऑकलंड. ईस्टला."

मुंबईच्या उपनगरात जन्मलेल्या माणसाच्या लेखी जगातल्या प्रत्येक गावाला एक स्टेशन असतं, आणि प्रत्येक स्टेशनला ईस्ट आणि वेस्ट. क्रिसला वाटलं अंकलनी जोक मारला. तो पोट धरून हसला. मार्कसही हसला, आणि कपाळावरचा घाम पुसत मनात म्हणाला, सुटलो.

मग ॲश्लीने पत्र वाचलं. 'मी नर्स झाले ती माझ्या आजीमुळे. तिची छाती कमजोर होती. तिची काळजी घ्यायला माझे वडील १९९६ साली ऑकलंडमधली नोकरी सोडून भारतात परतले. जो देश त्यांनी आपल्या आईसाठी सोडला, तिथल्या रुग्णांची सेवा करायची माझी इच्छा आहे.' वाचताना तिचा आवाज जरा भरून आला. क्रिस म्हणाला, "सुपर!"

"आणि खाली लिहिलंय," ॲश्ली म्हणाली, "की माझ्या वडिलांचं नाव तुमच्या नोंदींमध्ये असेलच, हवं तर तपासून बघा. तुझा नाइन्टी-फोरचा रेकॉर्ड असेल ना पप्पा त्यांच्याकडे?"

होता. जगाच्या पाठीवर त्या एकाच कचेरीत मार्कस परेराचं परदेशगमन खरंखुरं नोंदवलेलं होतं: अर्ज केला, नामंजूर. मार्कसला पुढचं सगळं एकदम दिसलं. कुणीतरी टेबलावरचा माणूस नाव घालून बघेल, मुलगी पहिल्याच पत्रात खोटं बोलते असा शेरा मारील, आणि तिचाही अर्ज त्याच्या अर्जाच्या वाटेने जाईल. एकदा स्वतःची वाट लावून झाली होती, आता लेकीची पाळी होती.

"ते वाक्य काढ," तो म्हणाला.

"का?"

"असंच. मोठेपणा कशाला?"

"मोठेपणा काय त्यात? खरंच आहे ना ते."

"ॲश्ली," मार्कस खुर्ची पुढे ओढत म्हणाला, "तुला 'यांकी' शब्द कुठून आला माहिताय? म्हणजे नक्की कुणालाच माहीत नाय, पण डच लोकांत यान असं एक नाव..."

"पप्पा!"

स्वयंपाकघरात डाव पातेल्यावर आपटला. मेबल दारात येऊन उभी राहिली. "मार्कस, तू सांगतोस काय मी सांगू?"

एकोणतीस वर्षांचा संसार केलेल्या बाईच्या या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं. मार्कस टेबलक्लॉथच्या फुलांकडे बघत म्हणाला, "मी गेलोच नाय."

"कुठे?"

"न्यूझीलंडला. पार्टी झाली, व्हिसा नाय झाला. कधीच गेलो नाय."

ॲश्ली आधी हसली. मग तिने आईचं तोंड बघितलं आणि हसू थांबवलं. "क्रिस, मी नंतर करते," म्हणत तिने फोन पालथा घातला. "कोणाला माहिताय हे?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे?"

"घड्याळ, डबल, बहारीन... सगळ्यांनाच. फादरला पण. दर लेंटला कन्फेशनमध्ये सांगतो."

"फादरला सांगितलंस," ॲश्ली म्हणाली. "वीस वर्षं. आणि मला नाय."

यावर मार्कसजवळ कुठल्याही देशाचा किस्सा नव्हता.

एक विमान पत्र्यावरून गेलं आणि आज मेबलने त्याला शिवीही दिली नाही. मग ॲश्लीने विचारलं, आणि हे विचारताना तिचा आवाज लहान झाला, "आणि आजीचा खोकला?"

सांगितलं ते मेबलने. निबंधाला बक्षीस मिळालं त्या दिवशी सात वर्षांची ॲश्ली आजीच्या मांडीवर चढली आणि म्हणाली होती, तुला बरं नव्हतं म्हणून पप्पाला यावं लागलं ना? आजीला, म्हणजे कार्मेलीनबाईंना, जन्मात सर्दीसुद्धा झाली नव्हती. अडुसष्टाव्या वर्षी त्या विहिरीवरून दोन दोन बादल्या उचलून आणायच्या. नातीच्या डोक्यावरून त्यांनी मुलाकडे बघितलं. काय घडलंय ते त्यांना क्षणात कळलं. मुलाला त्या बोलू शकल्या असत्या, दोन ठेवूनही देऊ शकल्या असत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि खोकल्या. त्यानंतर आठ वर्षं, मरेपर्यंत, ॲश्ली घरात असली की कार्मेलीनबाई खोकत होत्या.

"मी तिला वाफ द्यायची," ॲश्ली म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. "रोज, शाळेतून आल्यावर. चादर डोक्यावर घेऊन ती बसायची."

"बसायची," मार्कस म्हणाला. "तू खेळायला गेलीस की चादर काढून मला शिव्या घालायची. म्हणायची, तुझ्या न्यूझीलंडपायी उकडून मेले मी."

ॲश्लीच्या तोंडून एक हुंदका निघाला, तो मध्येच हसण्यासारखा झाला आणि पुन्हा हुंदकाच झाला. मार्कसला वाटलं उठून तिच्या डोक्यावर हात ठेवावा. पण तो हात कुठल्या तोंडाने ठेवायचा हे त्याला समजेना, म्हणून तो बसून राहिला. आपल्या खोट्यासाठी आईने आठ वर्षं खोकून दाखवलं आणि त्या खोकल्याच्या मागे पोरगी नर्स झाली. लाज वाटायला एवढं पुरे होतं, आणि त्याला ती मनापासून वाटली.

"मग ती दोन वर्षं तू कुठे होतास?" ॲश्लीने विचारलं. "चौऱ्याण्णव ते शहाण्णव."

"इथेच. पार्ल्याला." त्याने घसा खाकरला. "सेकंड शिफ्ट मागून घेतली होती. दुपारी लोक जेवून झोपले की निघायचो, आणि सगळे झोपल्यावर यायचो. म्हणजे गल्लीत कोण भेटायला नको. रविवारची मिस्सा पण सहाची, अंधारातली. कोण विचारील काय रे, गेला नाय, म्हणून."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं. मग लोकांना सवय झाली. मला पण."

ॲश्लीने नाक पुसलं आणि लॅपटॉप ओढून घेतला. मार्कसच्या खोट्यातून आलेल्या सगळ्या ओळी तिने एकेक करून काढल्या. ऑकलंडची नोकरी गेली, परत येणं गेलं, आईसाठी देश सोडणारा बाप गेला. 'मी नर्स झाले ती माझ्या आजीमुळे' या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"ही राहू दे," ती म्हणाली. "खोकला मी ऐकलाय."

मग ती बराच वेळ टाइप करत होती. मेबलने ताटं मांडली, रस्सा वाढला, कुणी हात लावला नाही. शेवटी ॲश्लीने पडदा बापाकडे फिरवला. "वाच."

मार्कसने चष्मा लावला. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं: 'माझे वडील मार्कस परेरा यांनी १९९४ साली आपल्याकडे अर्ज केला होता. तो नामंजूर झाला. ते न्यूझीलंडला कधीही आलेले नाहीत.'

"चूक आहे काय?" ॲश्लीने विचारलं.

मार्कसने पुन्हा वाचलं. स्वतःबद्दलच्या इतक्या ओळी, आणि सगळ्या खऱ्या, त्याने बऱ्याच वर्षांत बघितल्या नव्हत्या. "चूक नाय," तो म्हणाला.

"मग दाब. पाठवायचं बटण तिथे उजवीकडे आहे."

त्याने दाबलं. त्या दूरच्या कचेरीला ही गोष्ट एकतीस वर्षांपासून माहीत होती. घरात ती त्या रविवारी, दुपारी दोनच्या सुमारास कळली.